रिकामी घरे आणि सामाजिक पतपुरवठा



निवाऱ्याच्या प्रश्नाचा विचार सुरू झाला की सर्वांची दृष्टी प्रथम नव्या बांधकामाकडे जाते. किती घरे कमी पडतात, त्यांसाठी जमीन कोठून आणावयाची, सिमेंट व लोखंड किती लागेल, शासनाने किती अनुदान द्यावे, यांचे हिशेब मांडले जातात. हे हिशेब आवश्यकच आहेत. परंतु ज्या गावात नवी घरे हवी आहेत, त्याच गावात कुलूप लागलेली घरे किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ४७ लाख घरे रिकामी आढळली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख शहरांत आणि उरलेली ग्रामीण भागात होती. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार रिकाम्या घरांच्या संख्येत महाराष्ट्र, सुमारे वीस लाख घरांसह, सर्व राज्यांच्या पुढे होता. याच काळात, २०१२ मध्ये, केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाने शहरी भागातील घरांची टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी ठरविली. म्हणजे एका बाजूस माणसांना घर नाही आणि दुसऱ्या बाजूस घरांना माणसे नाहीत.

हे दोन आकडे शेजारी ठेवून एकातून दुसरा वजा करण्याचा मोह होतो. तसे करणे चूक ठरेल. जनगणनेतील रिकाम्या घरांत विक्रीसाठी बांधून पडून राहिलेल्या इमारती येतात आणि पडझड झालेली जुनी घरेही येतात. मुंबईतील रिकाम्या सदनिकेत खाकनारच्या मजुराची सोय होणार नाही, हे उघड आहे. तांत्रिक गटाच्या अहवालातील आणखी एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. टंचाईच्या त्या आकड्यात पूर्णपणे बेघर कुटुंबे पाच लाखांच्या आसपासच होती. सुमारे दीड कोटी, म्हणजे पाचांपैकी चार कुटुंबे, अशी होती की त्यांच्या डोक्यावर छप्पर होते, पण एका खोलीत दोन दोन संसार चालले होते. अशा कुटुंबाला दूरच्या माळरानावरील नवी वसाहत नको असते. त्याला कामाच्या जागेपासून, शाळेपासून, दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणखी दोन खोल्या हव्या असतात. त्या खोल्या पुष्कळदा त्याच गल्लीत, कुलपाआड असतात.

बुऱ्हाणपूर हे या विचारासाठी योग्य ठिकाण आहे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी वसविलेले, सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाचे हे नगर एकेकाळी खानदेशची राजधानी होते. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेल्यावर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ते मोठे केंद्र झाले. अठराव्या शतकात त्याभोवती विटांचा कोट उठला. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि रशियापर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि त्याच वर्णनात नगराची पडझड झालेली घरेही येतात. भरभराट आणि ओसाडी यांचा शेजार या गावाला नवा नाही. आज हे नगर मध्य प्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि २०११ च्या गणनेत शहराची लोकसंख्या दोन लाखांवर गेली होती. परंतु शाहपूर-इच्छापूरकडील गावांची बोली, सोयरीक आणि केळीचा व्यापार पाहिला तर रावेर तालुका कोठे संपतो हे सांगणे अवघड जावे.

या शहराची उपजीविका आजही सुतावर आहे. १९०६ ची ताप्ती मिल आणि घरोघरचे यंत्रमाग यांनी विणकर, सूत गुंडाळणाऱ्या स्त्रिया, हमाल, रंगारी अशा हजारो कुटुंबांना काम दिले. यंत्रमाग-कामगाराला मागापासून दूर राहून चालत नाही. पाळी रात्री सुटते, सकाळी पुन्हा लागते. म्हणून तो कोटाच्या आतील दाट वस्तीतच खोली शोधतो आणि तेथे जागा नाही म्हणून एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीबरोबर मिल आणि माग थांबले, तेव्हा अशा खोल्यांतील संसारांना भाडेही जड झाले आणि घराबाहेर पडण्याचीही सोय राहिली नाही.

याच वस्त्यांत, तसेच जिल्ह्यातील खेड्यांत, जुनी घरे बंद पडलेली दिसतात. मालकाचा मुलगा सुरतेस, इंदुरास किंवा पुण्यास नोकरीला लागला. वृद्ध आईवडील होते तोवर दिवा लागत होता. पुढे कुलूप आले. सणावाराला कोणी येऊन झाडून जाते. नंतर तेही थांबते. भाऊ चार, बहिणी दोन, त्यांची मुले वेगवेगळ्या गावी, आणि सात-बारा किंवा नगरपालिकेच्या दप्तरी नाव अद्याप आजोबांचे. अशा घराला मालक पुष्कळ असतात, परंतु कौल फुटला तर तो बदलणारा एकही नसतो.

जुने घर कसे पडते हे गवंड्याला विचारले तर तो प्रथम छताकडे बोट दाखवील. खानदेशात आणि लगतच्या निमाडात धाब्याची घरे पुष्कळ होती. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे, अशी ही रचना. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वर ताजी माती टाकून ती धोपटावी लागे. घर बंद पडले की हे काम थांबते. पाण्याला एक फट पुरते. पाणी भिंतीत शिरते, आणि तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते ते प्रथम कुजते. मधली तुळई वर्षानुवर्षे धड राहते. टोक गेले की ती खाली येते. याच अवस्थेत सुतार बोलावला तर टोकाला नवा सांधा देऊन किंवा भिंतीलगत एक खांब उभा करून काम भागते. दोन पावसाळे आणखी गेले की छत बसते, आणि छत बसले की भिंत उघडी पडते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च नव्या घराच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. मग लाकूड वखारीत विकले जाते, वीट उचलली जाते आणि जागा तेवढी उरते. म्हणजे दुरुस्तीला एक मुदत असते आणि ती फार मोठी नसते.

याच ठिकाणी चुन्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. जुनी वीट चुन्यात बसविलेली असते. चुना ओल घेतो आणि हळूहळू सोडतो. अशा भिंतीवर घाईने सिमेंटचा जाड गिलावा चढविला की आत शिरलेली ओल आतच कोंडते, वीट पोपडे टाकू लागते आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पाटासारखा सुटून येतो. कर्ज काढून केलेली दुरुस्ती कर्ज फिटण्यापूर्वीच वाया गेल्याची उदाहरणे अशीच घडतात. चुन्याची घाणी चालविणारा गवंडी आता शोधावा लागतो हे खरे, पण तो शोधण्याचे कष्ट सिमेंट पुन्हा खरवडण्याच्या कष्टांपेक्षा कमी आहेत. शिवाय ज्या घराच्या ओसरीत यंत्रमाग बसवावयाचा असेल तेथे मागाचा पाया भिंतीपासून अलग घालावा लागतो. नाहीतर रात्रंदिवसाच्या हादऱ्याने सांधे सैल होतात.

बंद घर ही पडीक वस्तू असली तरी तिच्याभोवती समाजाने पुष्कळ पैसा आधीच ओतलेला असतो. रस्ता, गटार, विजेचा खांब, शाळा, हे सर्व त्या दारापर्यंत पोचलेले असते. २०२२ च्या जुलैत बुऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. जिल्ह्यातील २५४ गावांत नळाचे पाणी पोचल्याचे ग्रामसभांनी ठराव करून सांगितले. ज्या गावाला पाणी गेले त्या गावातील बंद घराची किंमत त्या दिवशी वाढली. नवी वसाहत काढावयाची तर हे सर्व पुन्हा आरंभापासून करावे लागते. या गावाला पाण्याची गोष्ट निराळी सांगावयास नको. १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारी वाटेने शहरात आणणारा कुंडी भांडारा येथेच बांधला गेला, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत त्याचे नाव गेले. त्या भुयारांच्या भिंतींवर क्षाराचे थर चढून वाटा अरुंद होत गेल्या आहेत. बांधकाम उत्तम असूनही देखभाल चुकली की काय होते, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही.

आता पैशाचा प्रश्न. घर बंद पडण्याचे कारण केवळ पैशाचा अभाव हे नाही, तरी पैसा कोणत्या रूपाने मिळतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी आणि ग्रामीण या दोन्ही शाखांतून २०१५-१६ पासून मोठ्या प्रमाणावर साहाय्य मिळाले. परंतु ते साहाय्य ज्याचे स्वतःचे पक्के घर नाही अशा कुटुंबाला स्वतःच्या जागेवर बांधण्यासाठी आहे. दुसऱ्याचे रिकामे घर दुरुस्त करून तेथे भाड्याने राहू इच्छिणारा विणकर त्या चौकटीत सहज बसत नाही. व्यापारी बँकेला दुरुस्तीसाठी लहान कर्ज देण्यास मनाई नाही, उलट असे कर्ज अग्रक्रम क्षेत्रात धरले जाते. पण दोन लाखांच्या कर्जाला वीस लाखांच्या कर्जाइतकेच कागद लागतात, आणि बँकेला निर्वेध मालकी हवी असते. आजोबांच्या नावावरील घर तेथेच अडते. उरतो सावकार.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. एका घराच्या दुरुस्तीला दोन लाख रुपये लागले असे समजू. दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने, सात वर्षांत समान हप्त्यांनी हे कर्ज फेडावयाचे तर हप्ता सुमारे ४,९३५ रुपये पडतो. वर्षाला आठ टक्के दराने तोच हप्ता सुमारे ३,११७ रुपये होतो. चार टक्के दराने तो २,७३४ रुपयांवर येतो. सावकारी आणि आठ टक्के यांतील अंतर मोठे आहे, हे अपेक्षितच. परंतु आठ आणि चार यांतील अंतर महिन्याला चारशे रुपयांचेही नाही. आता व्याज आठ टक्केच ठेवून मुदत सातऐवजी दहा वर्षे केली तर हप्ता २,४२७ रुपये होतो, म्हणजे चार टक्क्यांच्या सात वर्षांच्या हप्त्याहूनही कमी. अर्थात दहा वर्षांत एकूण व्याज सुमारे ९१ हजार रुपये जाते, तर चार टक्क्यांच्या सात वर्षांत तीस हजारांच्या आतच. तरीही ज्या कुटुंबाची महिन्याची मिळकत ठरलेली आहे त्याला एकूण व्याजापेक्षा या महिन्याचा हप्ता झेपतो की नाही हा प्रश्न मोठा असतो. स्वस्त व्याजाची मागणी सभांमधून वारंवार होते. लांब मुदतीची मागणी कोणी करीत नाही. वस्तुतः दुरुस्तीच्या कामात मुदतीचे महत्त्व व्याजाच्या दराहून कमी नाही.

सामाजिक पतपुरवठा म्हणजे फुकट पैसा नव्हे, की दानही नव्हे. ज्यांच्याजवळ थोडी बचत आहे त्यांनी ती माफक परताव्यावर, ओळखीच्या परिसरात, समाजोपयोगी कामासाठी गुंतवावी आणि ती परत यावी, एवढाच त्याचा अर्थ. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ मध्ये आला. परस्परांना ओळखणाऱ्या माणसांनी आपली पत एकत्र केली तर एकट्याला न मिळणारे कर्ज मिळू शकते, हे तत्त्व त्या मंडळीच्या नावातच आहे.

गृहदुरुस्तीच्या बाबतीत या तत्त्वाचा चांगला प्रयोग अहमदाबादेत झाला. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतील चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या या स्त्रियांना धंद्यासाठी कर्ज हवे असेल अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात घराच्या दुरुस्तीसाठीही कर्जाची मागणी मोठी निघाली. कारण त्यांचे घर हेच कामाचे ठिकाण होते. छप्पर गळले की कापड भिजते, विडीचे पान खराब होते, त्या दिवसाची मजुरी बुडते. गळती बंद झाली तर मिळकत वाढते आणि त्या वाढीतूनच हप्ता जातो. पुढे १९९४ मध्ये याच परिवारातून घरांच्या प्रश्नासाठी महिला हाउसिंग ट्रस्ट स्थापन झाला. बुऱ्हाणपुरातील सूत गुंडाळणाऱ्या स्त्रीची स्थिती यापेक्षा निराळी नाही. तिच्या घराची दुरुस्ती हा खर्च गणावा की भांडवल, हे ठरविताना अहमदाबादचा अनुभव उपयोगी पडावा.

दुरुस्तीचे काम मोठ्या प्रमाणावर चालविता येते का, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे, जरी तेथील पैसा कर्जाचा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. पूर्ण उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसविली गेली. परंतु त्याहून कितीतरी अधिक गावांतील तडे गेलेली घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती. आरंभी हे काम रेंगाळले. शेजारच्या गावाला नवी घरे मिळत असताना स्वतःचे जुने घर दुरुस्त करून घेण्यास कोणीही खुषीने तयार होत नाही. दुरुस्तीला मान नसतो. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. धाब्यावरची जादा माती उतरविणे, दगडी भिंतीत आरपार दगड बसवून तिच्या दोन्ही बाजू बांधून घेणे, छताखाली पट्टा फिरविणे, ही कामे त्यांनी समजून घेतली आणि घरोघर समजावली. साहित्य किती आले, काम किती झाले, याची नोंद त्याच ठेवू लागल्या. तापीच्या खोऱ्यालाही हा धडा लागू आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेले धाबे जड असते, आणि जड छताखाली माणसे ठेवण्यापूर्वी ते हलके करणे हे रंगरंगोटीच्या आधीचे काम आहे.

रिकाम्या घरांचा आणि सामाजिक कर्जाचा प्रत्यक्ष मेळ घातल्याचे एक उदाहरण इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात आढळते. तेथील ग्रॅन्बी भागात १९८१ च्या दंगलीनंतर वस्ती ओसरत गेली आणि नगरपालिकेने ताब्यात घेतलेली घरे पाडण्याच्या विचारात वर्षानुवर्षे बंद ठेवली. मागे राहिलेल्या थोड्या रहिवाशांनी, त्यांत स्त्रियाच पुढे होत्या, रस्ते झाडण्यापासून सुरुवात केली. उजाड ओट्यांवर कुंड्या मांडल्या. २०११ मध्ये त्यांनी जमीन व घरे समाजाच्या मालकीत राखणारी विश्वस्त संस्था स्थापन केली. नगरपालिकेने दहा घरे त्या संस्थेकडे दिली, एका सामाजिक गुंतवणूकदाराने बिनव्याजी कर्ज दिले, आणि घरे दुरुस्त होऊन काही विकली, काही भाड्याने दिली गेली. या कामातील तरुण रचनाकारांच्या गटाला २०१५ मध्ये टर्नर पारितोषिक मिळाले. पारितोषिकामुळे काम प्रसिद्धीस आले. पण त्या घरांची किंमत व भाडे परिसरातील लोकांच्या मिळकतीशी जोडलेले राहावे, ही अट अधिक मोलाची होती. दुरुस्तीनंतर भाव वाढतो आणि ज्याच्यासाठी दुरुस्ती केली तोच बाहेर पडतो, हा धोका सर्वत्र असतो. केवळ कायदा करून काम होत नाही, हे जपानवरून दिसते. तेथे रिकाम्या घरांविषयीचा खास कायदा २०१५ पासून अमलात आहे, तरी २०२३ च्या पाहणीत अशी घरे ९० लाखांपर्यंत पोचली होती.

हे सर्व बुऱ्हाणपुरात आणावयाचे तर मार्ग साधारण असा दिसतो. घराचा मालक ते घर ठराविक वर्षांसाठी एका स्थानिक सहकारी संस्थेला लेखी कराराने देईल. संस्था कर्ज काढून दुरुस्ती करील, गरजू कुटुंबाला माफक भाड्याने ठेवील, भाड्यातून हप्ता व देखभाल भागवील, आणि मुदत संपताच दुरुस्त घर मालकाला परत करील. दोन लाखांच्या कर्जाचे वरील उदाहरण घेतले तर दहा वर्षांच्या मुदतीत सुमारे २,८०० रुपये भाड्यात हप्ता आणि थोडी देखभाल बसते. मालकाला आरंभी हाती काही येत नाही; त्याला पडत चाललेल्या घराऐवजी उभे घर मिळते.

अडचण मालकाच्या मनात आहे, आणि ती निराधार नाही. भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही, ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अनेक भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूचे रक्षण झाले, परंतु मालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये शासनाला उपकर बसवून इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले, तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. अर्ध्या शतकानंतरही तो प्रश्न मिटलेला नव्हता. भाडेकरूला बेघर न करता मालकालाही निर्धास्त ठेवावयाचे असेल तर मालकाचा करार भाडेकरूशी न होता संस्थेशी व्हावा, आणि मुदत संपल्यावर त्या कुटुंबाची दुसरीकडे सोय करण्याची जबाबदारी संस्थेने उचलावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. येथे चालढकल करू नये. सर्व वारसांच्या सह्या घेणे कंटाळवाणे काम आहे. सहाव्या वारसाचा पत्ता शोधण्यातच संस्थेची खरी परीक्षा होईल.

मालकीच्या कागदांच्या बाबतीत मात्र अलीकडे अनुकूल बदल झाला आहे. गावठाणातील घरांना पूर्वी स्वतंत्र अभिलेखच नसे, त्यामुळे शेत गहाण ठेवता येई पण घर नाही. पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेने ते काम देशभर नेले. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये पहिल्या टप्प्यातच होती. मध्य प्रदेशात ६ ऑक्टोबर २०२१ रोजी एकाच कार्यक्रमात १ लाख ७१ हजार अधिकार अभिलेख वाटले गेले. हा कागद हाती आला म्हणजे भाऊबंदकीतील वाद संपतो असे नाही. पण घर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे तरी ठरते, आणि कर्जाचा अर्ज मांडता येतो. ज्या खेड्यात शिक्षक आणि ग्रामपंचायत सचिव यांनी हे कागद लोकांना वाचून दाखविले, तेथे निम्मे काम झाले म्हणावयाचे.

पैसा कोण देणार? शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था, स्त्रियांचे बचत गट, नागरी सहकारी बँका हे स्वाभाविक स्रोत आहेत. येथे एक इशारा देणे भाग आहे. पतसंस्थेतील ठेवी एक-दोन वर्षांच्या असतात आणि दुरुस्तीचे कर्ज आठ-दहा वर्षांचे. ठेवीदार पैसे मागू लागले आणि पैसा भिंतीत अडकलेला असला तर संस्था बुडते, आणि तिच्याबरोबर घरांची योजनाही बुडते. लांब मुदतीच्या शेतीकर्जासाठी काढलेल्या महाराष्ट्रातील भूविकास बँका वसुली थकल्याने शेवटी अवसायनात निघाल्या, ही गोष्ट फार जुनी नाही. म्हणून ठेवींचा लहानसा भागच या कामी लावावा. उरलेला पैसा दीर्घ मुदतीच्या भागभांडवलातून किंवा शासकीय साहाय्यातून यावा. पहिल्या वर्षी पाच घरे झाली तरी पुरे. हप्ता थकला तर तो का थकला हे संस्थेच्या माणसाने घरी जाऊन पाहावे. सुताचा भाव चढला आणि माग महिनाभर बंद पडले तर दोन हप्ते पुढे ढकलण्याची सोय करारातच असावी, आणि त्यासाठी भाड्यातील काही रक्कम आरंभापासून बाजूला पडत जावी. माग चालू असूनही जो हप्ता चुकवितो त्याच्या बाबतीत ढिलाई करू नये. पैसा शेजाऱ्याचा आहे, हे भाडेकरूलाही माहीत असते. सामाजिक कर्जाची वसुली मुख्यतः या जाणिवेवर चालते.

कामाचे वेळापत्रक या भागात पावसाने ठरविलेलेच आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वारसांच्या सह्या, मोजणी, करारनोंदणी आणि कर्जमंजुरी उरकावी. त्याच महिन्यांत घर कोठे गळते हे पाहून ठेवावे, कारण उन्हाळ्यात ते दिसत नाही. दिवाळीनंतर धाबे उतरवावे, कुजलेली टोके बदलावी आणि आखाजीपर्यंत छत पुरे करावे. गिलावा नंतरही चालतो. कुटुंब राहावयास आल्यावर मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर संस्थेच्या गवंड्याने माळ्यावर चढून तुळयांची टोके हाताने चाचपून पाहावी, ओल आढळली किंवा नाही हे वहीत लिहावे, आणि त्या नोंदीची एक प्रत घराच्या मालकाला, तो सुरतेस असो की पुण्यास, टपालाने पाठवावी.